रूफ टेंट घ्यायचाय: जिम्नीवर लावू की पिकअपवर?

घाटवाटकरी (पुणे)

नमस्कार मंडळी,

गाडीच्या छतावर उघडणारा तंबू, म्हणजे रूफ टेंट, यंदा घ्यायचाच असं घरात ठरलंय. झोपणारे आम्ही तिघं: मी, बायको आणि आठ वर्षांची लेक. वापर दोन तऱ्हेचा. पाऊस ओसरला की सह्याद्री आणि कोकणात शनिवार-रविवार, आणि सप्टेंबरअखेर हिमाचलातली स्पिती. मनालीकडून ग्राम्फू, बाताल, कुंझुम करत काझा आणि मग किन्नौरमार्गे बाहेर, असा बेत आहे.

गाड्या दोन. माझी पाच दारांची मारुती जिम्नी, आणि थोरल्या भावाची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, जी तो लांबच्या प्रवासाला आनंदाने देतो. माझं मन जिम्नीकडे ओढतं. हातात बसलेली गाडी आहे, अरुंद वाटेवर कुठेही वळते.

बऱ्याच विक्रेत्यांशी बोललो. गादी किती जाड, दिवे कसे, चपलांचा कप्पा कुठे, हे सगळे भरभरून सांगतात. छताची क्षमता विचारली की मात्र "काही होत नाही साहेब, सगळे लावतात" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून इथे विचारतोय. हार्ड शेल (कडक कवचाचा) की सॉफ्ट शेल (कापडी, घडीचा)? कापड कोणतं? तिघांना रुंदी किती लागते? आणि जिम्नीच्या छताला हे झेपेल का?

सह्यसारथी (सातारा)

शेवटचा प्रश्न आधी घ्या, कारण त्याचं उत्तर "नाही" आलं तर बाकीचे तीन विचारायची गरजच उरत नाही. तंबू पसंत करून मग गाडीला बसवायचा हा क्रम उलटा आहे. आधी छत, मग रॅक (छतावर बसवायची चौकट), मग तंबू.

छताचा भार दोन प्रकारे मोजतात. गाडी चालत असताना छत किती वजन पेलेल तो चालता भार, आणि गाडी उभी असताना किती पेलेल तो उभा भार. चालता भार नेहमी कितीतरी कमी असतो, कारण खड्ड्यात आपटल्यावर, वळणावर, ब्रेक मारल्यावर छतावरचं वजन नुसतं बसून राहत नाही, ते छताला ओढतं आणि ढकलतं. नव्या लँड रोव्हर डिफेंडर ११० चं उदाहरण घ्या. तिचा चालता भार रस्त्यावर १६८ किलो, ऑफ-रोड टायर असतील तर ११८ किलो, आणि उभा भार ३०० किलो. एकाच छताचे तीन आकडे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत यातला एखादाच आकडा मिळतो आणि तो चालत्या भाराचा असतो.

आता तुमची बेरीज. तिघांचा घडीचा तंबू साधारण ६० ते ७० किलो. रॅक १५ ते २५ किलो. म्हणजे गाडी चालताना डोक्यावर ७५ ते ९५ किलो. रात्री त्यात दोन मोठी माणसं, एक मूल आणि अंथरूण-पांघरूण धरलं तर अडीचशे किलोच्या पुढे. रात्रीच्या आकड्याने लोक घाबरतात, पण मोडतोड होते ती दिवसाच्या आकड्याने.

आणखी एक. रॅकवर जो आकडा छापलेला असतो तो डांबरी रस्त्याचा. ऑस्ट्रेलियात तर कच्च्या रस्त्यासाठी तो दीडने भागून वापरतात. ७५ किलोचा रॅक खडीच्या रस्त्यावर ५० किलोचा होतो. आणि छत, रॅक, रॅकचे पाय या तिन्हींत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच तुमची मर्यादा.

पर्थकर (ऑस्ट्रेलिया)

जिम्नीबद्दल मी सांगू शकतो, इथे पर्थमध्ये माझ्याकडे तीन दारांची आहे. इथल्या पुस्तिकेत छताची मर्यादा सरळ लिहिली आहे: ३० किलो. त्यात रॅकचं वजनही धरायचं. म्हणजे बाजारातला सर्वांत हलका तंबूही या हिशेबात बसत नाही.

तुमची पाच दारांची आहे, तिच्या पुस्तिकेतला आकडा स्वतः उघडून पाहा. विक्रेत्याचा शब्द त्या आकड्याच्या जागी धरू नका. जिम्नीच्या छताला दोन्ही बाजूंनी पन्हळ आहे, रॅक तिथे घट्ट बसतो, आणि तो घट्ट बसला म्हणजे छतालाही चालतं असं लोकांना वाटतं. रॅक चांगला बसणं आणि छताची क्षमता असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, तोल. जिम्नीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जेमतेम १.४ मीटर आणि उंची १.७२ मीटर. तिच्या डोक्यावर ८० किलो चढवलेत की आडव्या उतारावर ज्या वाटेने ती आज बिनधास्त जाते, त्याच वाटेवर ती कलायला लागते. तुम्हाला जिम्नी ज्या गुणासाठी आवडते तोच गुण घालवून बसाल. इथे जिम्नीवाले बहुतेक जमिनीवरचा तंबू नेतात किंवा छोटा ट्रेलर ओढतात. रूफ टेंट लावलेलेही दिसतात, पण दिसतात म्हणून ते बरोबर ठरत नाही.

घाटवाटकरी

सह्यसारथी, पर्थकर, मनापासून धन्यवाद. इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. जिम्नी मनातून काढणं जड जातंय, पण लेक मागे बसणार आहे, तिथे जोखीम नको. मग व्ही-क्रॉसबद्दल बोलू. केबिनच्या छतावर लावायचा की मागच्या हौद्यावर?

गोदाकाठ (नाशिक)

हौद्यावर. यात दुसरा विचारच करू नका.

हौद्याच्या कडांवर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा उभा सांगाडा बसवतात, त्यावर तंबू. वजन हौद्यातून थेट चॅसीवर उतरतं, केबिनच्या पातळ पत्र्यावर नाही. सांगाडा अशा उंचीचा करून घ्या की तंबू मिटल्यावर केबिनच्या वर फार डोकावणार नाही. मग वाऱ्याचा अडथळा कमी, आवाज कमी, तोलही खाली. शिडीच्या पायऱ्या कमी लागतात तो फायदा वेगळाच.

एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करायची नाही. तंबूची एक बाजू केबिनवर आणि दुसरी हौद्यावर अशी टेकवायची नाही. पिकअपची केबिन आणि हौदा चॅसीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खडबडीत रस्त्यावर चॅसी पिळवटते तेव्हा दोघं वेगवेगळ्या दिशांना हलतात. मध्ये तंबूचा तळ असला तर तो तडकतो, नाहीतर बोल्ट उपटतात.

सांगाड्याला तिरके आधार आहेत ना ते पाहा. नुसते चार उभे खांब आणि वर चौकट असेल तर बाताल-ग्राम्फूच्या दगडांत तो डुलायला लागेल. वेल्डिंगच्या सांध्यांना त्रिकोणी पट्ट्या हव्यात. आणि मागचं फाळकं पूर्ण उघडतंय ना, हे तंबू वर ठेवून, शिडी लावून तपासा.

रानजाई (मुंबई)

मी तंबू विकत घेतलेला नाही, पण नामिबियात आम्ही दोन कुटुंबं भाड्याच्या हायलक्स पिकअपवर रूफ टेंटमध्ये राहिलो. विंडहुकला गाडी घेतली की तंबू, चूल, फ्रिज सगळं लावूनच मिळतं. ज्यांना पहिल्यांदा घ्यायचाय त्यांनी आधी कुठेतरी भाड्याने घेऊन झोपून पाहावं असं मला फार वाटतं, कारण काही गोष्टी दुकानात कळतच नाहीत.

एतोशा राष्ट्रीय उद्यानात ओकाउकुएयोच्या मुक्कामाच्या कुंपणालगतच्या पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात, गेंडे आणि हत्ती पाण्यावर येतात. तंबूत पडल्या पडल्या सिंहाचा आवाज येत होता. ते सुख शब्दांत मावत नाही. पण त्याच रात्री मुलाला लघवीला उतरायचं होतं. अंधारात, झोपेत, दव पडलेल्या ॲल्युमिनियमच्या शिडीवरून. म्हणून सांगते, शिडी घेताना पायऱ्या गोल दांड्यांच्या आहेत की चपट्या आणि रुंद, हे पाहा. गोल दांड्यावर अनवाणी तळवा दुखतो आणि ओल्यावर सटकतो. शिडीचा कोन सरळ भिंतीसारखा नको, थोडा तिरका हवा. लेकीला दिवसा चार वेळा चढायला-उतरायला लावा, शिडीकडे तोंड करून.

घडीच्या तंबूत अर्धा तळ गाडीबाहेर तरंगत असतो आणि त्याचा भार शिडीवर येतो. त्यामुळे शिडीचा पाय भुसभुशीत वाळूत गेला तर अख्खा तंबू कलतो. आम्ही खाली लाकडी फळी ठेवायचो.

रुंदी: तिघांना १.४ मीटरमध्ये झोपता येईल असं विक्रेते म्हणतील. नका ऐकू. मूल झोपेत फिरतं. १.६ मीटरच्या खाली जाऊ नका, १.८ मिळाला तर उत्तम. याच कारणाने शिंपल्यासारखे उघडणारे हार्ड शेल तुमच्यासाठी बाद होतात, ते बहुतेक दोघांच्याच मापाचे असतात.

पायवाट

माझं वय बासष्ट, गुडघे कुरकुरतात. हे वाचून शिडीचाच विचार करतोय. आमच्यासारख्यांनी यात पडावं का?

रानजाई

काका, फोर्च्युनरसारख्या १.८ मीटरहून उंच गाडीवर मी तुम्हाला सुचवणार नाही. चढणं जमतं, पहाटे आखडलेल्या गुडघ्यांनी उलटं उतरणं कठीण जातं. पिकअपच्या हौद्यावर खाली बसवलेला तंबू एकदा चढून पाहा. नाहीतर उभं राहता येईल असा जमिनीवरचा मोठा तंबू आणि घडीची खाट. झोप छान लागते.

ताणाबाणा (इचलकरंजी)

कापडावर कुणी बोलेना म्हणून लिहितो. आमच्या घरात दोन पिढ्या माग चालतायत, लेप दिलेल्या कापडाचं कामही जवळून पाहिलंय.

बाजारात मुख्यतः दोन जाती. एक, पॉलिएस्टर किंवा ऑक्सफर्ड, आतून पॉलियुरेथेनचा लेप. हलकं, लवकर वाळतं, स्वस्त. दुसरी, पॉलिकॉटन कॅनव्हास, चौकड्यांच्या रिपस्टॉप विणीचं (फाटलं तरी चीर पुढे पसरत नाही असं), चांगल्या तंबूत २८० ते ३२० ग्रॅम प्रति चौरस मीटर. हे जड, महाग, वाळायला वेळ घेतं, पण श्वास घेतं.

श्वास घेणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण तंबूतल्या ओलीच्या निम्म्या तक्रारी पावसाच्या नसतातच. तीन माणसं रात्रभर श्वासातून भरपूर वाफ सोडतात. लेपाच्या कापडातून ती बाहेर जात नाही, थंड कापडावर तिचं पाणी होतं आणि पहाटे कपाळावर थेंब पडतात. माणूस म्हणतो तंबू गळतो. पॉलिकॉटनमध्ये हा त्रास खूप कमी. थंडीत, स्पितीसारख्या ठिकाणी, हा फरक फार मोठा आहे, तिथे हेच पाणी आतून गोठतं. गादीखालीही तेच होतं: खालचा तळ थंड, वर अंगाची ऊब, मध्ये ओल. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई हवीच, नाहीतर बुरशी धरते.

वॉटरप्रूफचा आकडा. २००० मिमी म्हणजे कापडावर २ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. सह्याद्रीच्या परतीच्या पावसाला छपराला एवढं पुरतं. ऐन जुलैच्या ताम्हिणीत मात्र आकडा कितीही मोठा असो, पाणी कापडातून येत नाही, शिवणीतून आणि चेनमधून येतं. म्हणून दुकानात तंबू उघडायला लावा आणि आत बसून शिवणी पाहा. शिवणीवर टेप चिकटवलेली आहे का, कोपऱ्यात ती उचकटलीय का, चेनवर झाकणपट्टी आहे का. आत अंधार करून बाहेरून बॅटरी मारा, सुईच्या भोकांतून उजेड आला की समजा तिथून पाणीही येणार.

पॉलिकॉटन घेतलात तर पहिल्या प्रवासाआधी घरीच पाइपने पूर्ण भिजवा आणि खडखडीत वाळवा, असं दोन-तीनदा. कापसाचा धागा भिजला की फुगतो आणि सुईची भोकं आवळली जातात. नवा कोरा तंबू थेट पावसात नेला तर शिवणी पाझरणारच.

आणि कुठलंही कापड ओलं मिटून ठेवू नका. प्रवासात नाइलाज असतो, पण घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी उघडलाच पाहिजे. पॉलिकॉटनला काळे ठिपके पडतात, ते पुन्हा निघत नाहीत. लेपाचं कापड दमट हवेत वर्षानुवर्षं बांधून राहिलं की लेप चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. तंबू उघडून वाळवायला जागा कुठे आहे, याचं उत्तर खरेदीच्या आधी तयार हवं.

घाटवाटकरी

ताणाबाणा, हा प्रतिसाद मी छापून ठेवणार आहे. भावाच्या घरापुढे अंगण आहे, वाळवायची सोय होईल. आमच्या सोसायटीत मात्र बेसमेंटच्या तोंडावरच २.१ मीटरची पाटी आहे, म्हणजे जिम्नीवर तंबू लावला असता तर ती आतच गेली नसती. हे डोक्यातच आलं नव्हतं.

सडा (राजापूर)

कोकणासाठी रूफ टेंट चांगलाच, त्याचं कारण आमचा जांभा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जमिनीवरच्या तंबूची खुंटी आत जात नाही, हातोडीने वाकते. लोक दगड बांधून तंबू ताणतात आणि रात्री वारा सुटला की दगडांसकट हलतो. छतावरच्या तंबूला हा प्रश्न नाही. शिवाय फुरसं आणि लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर आयुष्यभर काम का केलं हे ज्याला माहीत आहे, तो आमच्याकडे उघड्यावर जमिनीवर झोपायला दोनदा विचार करेल. छतावर झोपलात तरी सकाळी खाली ठेवलेले बूट झटकूनच घाला.

वाऱ्याच्या दिवसांत गाडीचं तोंड असं लावा की तंबूची उघडी, कापडाची बाजू वाऱ्याकडे येणार नाही.

एक कळकळीची विनंती. आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांची. कित्येक ठिकाणी साधी पाटी किंवा कुंपणही नाही. गाडी घेऊन सड्यावर येणार असाल तर मळलेली वाट सोडू नका आणि गावात विचारल्याशिवाय चाक आत घालू नका. ज्याची जमीन आहे त्याला विचारून मुक्काम केलात तर पाणी मिळतं, अंगण मिळतं, सकाळी घावनेही मिळतात.

हिमवाट (ठाणे)

स्पितीबद्दल. इथे सगळे तंबू किती लवकर उघडतो ते विचारतात. मी म्हणेन, किती लवकर मिटतो ते विचारा.

कुंझुम साधारण साडेचार हजार मीटर, चंद्रतालचा परिसर सव्वाचार हजारांच्या वर. मनालीहून दोनच दिवसांत तिथे झोपायला पोचलात तर रात्री कुणाला उंचीचा त्रास होऊ शकतो. मुलं तर काय होतंय ते धड सांगत नाहीत, नुसती चिडचिडी किंवा सुस्त होतात. डोकेदुखी आणि उलट्या वाढायला लागल्या तर औषध देऊन सकाळची वाट पाहायची नसते, खाली उतरायचं असतं. जमिनीवरचा तंबू तसाच टाकून गाडी हाकता येते. छतावरचा मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. अंधारात, वाऱ्यात, गारठलेल्या बोटांनी, आजारी माणूस गाडीत बसवून घडीचा तंबू कव्हरसकट बांधायला जो वेळ लागतो तो तुम्ही घरी मोजलेला असला पाहिजे. कव्हर नीट लागत नसेल तर पट्ट्यांनी आवळून, कव्हर हौद्यात टाकून, हळू चालवत निघता येईल का, तेही करून पाहा.

माझ्या मते चंद्रतालच्या भागात मुलीला घेऊन रूफ टेंटमध्ये झोपूच नका. तलावाच्या काठावर तंबू लावायला तशीही बंदी आहे, मुक्कामाचे तंबू अलीकडे काही किलोमीटरवर लावलेले असतात. पहिल्यांदा जाताय तर किन्नौरच्या बाजूने चढा, उंची हळूहळू वाढते. सांगला, नाको, ताबो, काझा अशा मुक्कामांनी शरीराला सवय होते. मग कुंझुम ओलांडून मनालीकडे उतरा. तुमचा बेत फक्त उलटा करायचा आहे.

आणि तंबूत शेगडी नाही. कोळशाची नाही, गॅसची नाही, "फक्त पाच मिनिटं" नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. थंडी वाजते तर चांगली स्लीपिंग बॅग, गरम पाण्याची पिशवी, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या.

नियमावली (कोल्हापूर)

थोडं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. काढता-घालता येणाऱ्या रॅककडे प्रत्येक अधिकारी सारख्याच नजरेने पाहतो असं नाही. म्हणून हौद्याला वेल्डिंग करू नका, बोल्टने बसणारा सांगाडा घ्या, बाजूंना काही बाहेर येऊ देऊ नका, बिलं गाडीत ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा. आपल्या आरटीओत निघण्याआधी विचारून घेतलेलं बरं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा कोयनेसारख्या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही, तंबू छतावर असला तरी.

घाटवाटकरी

सगळं वाचून आम्ही दोघांनी बसून ठरवलं. जिम्नीवर काहीही लावायचं नाही. व्ही-क्रॉसच्या हौद्यावर बोल्टने बसणारा, तिरक्या आधारांचा सांगाडा. घडीचा, पॉलिकॉटनचा, १.८ मीटर रुंद तंबू. स्पिती किन्नौरकडून चढायची, आणि ताबोच्या वर होमस्टेमध्येच झोपायचं. रूफ टेंट खालच्या मुक्कामांना. जिम्नीसाठी जमिनीवरचा साधा तंबू आहेच.

सांगाडा बनवणाऱ्याकडे सोमवारी जातोय. त्याला बोल्टबद्दल काय सांगू?

गोदाकाठ

तंबूच्या पट्ट्यांना बहुतेक ८ मिमीचे बोल्ट लागतात. स्टेनलेस घ्या, आतून नायलॉन असलेले नट, म्हणजे हादऱ्यांनी सैल होत नाहीत. सांगाड्याच्या पायांना त्याहून जाड बोल्ट, आणि हौद्याच्या पत्र्यामागे रुंद लोखंडी पट्टी, नुसतं वॉशर नको. प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या लोखंडावर एकच सरळ रेघ रंगाने ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे खाली उभं राहूनच कळतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा, कच्चा रस्ता सुरू झाला की रोज सकाळी एक फेरी मारा. रेकॉंग पिओच्या पुढे तर चुकवूच नका.

आणि सोमवारी जाताना तंबूची मापं आणि वजन कागदावर लिहून न्या, मिटलेल्या मापाचीही. सांगाडा झाल्यावर फोटो टाका, तिरके आधार कुठे बसवलेत ते बघून सांगतो.